लिंक
लिंक : जपानच्या निन्तेंदो कंपनीच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या १९८६ पासूनच्या व्हिडिओ गेम मालिकेचा नायक, निर्माते शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका. पहिल्या खेळात हा हिरव्या अंगरख्यातला इवलासा पोरगा. गुहेतला म्हातारा त्याच्या हाती लाकडी तलवार देतो. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये तो एकाच कथेत लहानही असतो आणि तरणाही, २०१७ च्या खेळात अंगरखा निळा झाला. मूळचा डावखुरा वीर मधल्या काळात उजव्या हाताने तलवार चालवू लागला. बहुतेक भागांत लिंकही नवा असतो. नाव आणि धाडस तेवढे तेच.

गोव्यातल्या धारगळ-पेडण्याकडच्या वाचकाला यात दशावतारी लोकनाट्य दिसेल, आणि ते योग्यच आहे. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारा नट बदलतो, आख्यानातला राजा तोच राहतो. लिखित संहिता नसते, संवाद नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो, त्यामुळे प्रत्येक जत्रेत राजा थोडा निराळा भेटतो. मोठा फरक एकच : दशावतारी राजा बोलण्यावर उभा असतो, लिंक जवळजवळ मुकाच. त्याची उत्तरे खेळणाऱ्याने मनात द्यायची.

२०२४ च्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये मात्र मालिकेच्या नावातली राजकन्या झेल्डा स्वतःच नायिका झाली.