कोकणातील किल्ल्यांची कवाडे कुठे गेली?

पुण्याच्या शनिवारवाड्यात शिरताना दिल्ली दरवाज्याची कवाडे समोर येतात. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. परंतु हत्तीची धडक थोपवण्यासाठी बसवलेले लांब अणकुचीदार खिळे कवाडांवर आजही आहेत. घाट उतरून समुद्रकाठच्या दुर्गांकडे गेले, की बहुतेक ठिकाणी केवळ दगडी चौकट उरलेली दिसते. दार फिरण्यासाठी कोरलेले गोल खळगे दिसतात, अडसर सरकवण्याची भिंतीतली पोकळी दिसते. कवाडे मात्र नाहीत.

‘शत्रूने फोडली’ किंवा ‘इंग्रजांनी उतरवली’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि तटबंदी उद्ध्वस्त केली, हे खरेच आहे. पण जिथे तट शाबूत आहे, बुरूज शाबूत आहेत, तिथेही कवाडे नाहीत. तेव्हा संशयाची सुई हवेकडे वळवावी लागते.

आपण ज्याला किल्ल्याचा लोखंडी दरवाजा म्हणतो, तो बहुधा सागवानी फळ्यांचा असतो. त्यावर लोखंडी पत्रे, पट्ट्या आणि खिळे ठोकलेले असतात. म्हणजे लोखंडाची जाडी काही मिलिमीटरच.

स्वच्छ आणि कोरड्या हवेत लोखंड फारसे गंजत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली, की पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर धरतो आणि गंज वेग घेतो. समुद्रकाठी ही मर्यादाही उरत नाही. वाऱ्याबरोबर येणाऱ्या मिठात मॅग्नेशियमचा क्षार असतो, आणि तो सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाही हवेतले पाणी ओढून घेतो. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर रत्नागिरीत ३००० मिलिमीटरच्या वर. त्यामुळे कोकणातले लोखंड पावसाळ्यात भिजतेच, आणि मीठ चढले की उघडीप असतानाही ओलेच राहते.

आजच्या आंतरराष्ट्रीय मानकांत साध्या पोलादाच्या पहिल्या वर्षातील झिजेचे आकडे दिलेले आहेत. कमी उपद्रवी हवेत ही झीज १.३ ते २५ मायक्रॉन, तर खाऱ्या व दमट हवेत ८० ते २०० मायक्रॉन धरली जाते. वर्षाला १०० मायक्रॉन हा वेग टिकला, तर ३ मिलिमीटरचा उघडा पत्रा एका बाजूने ३० वर्षांत संपतो. हा हिशेब ढोबळ आहे. जुने घडीव लोखंड आधुनिक पोलादाहून वेगळे असते आणि गंजाचा थर धरल्यावर वेग काहीसा मंदावतो. तरीही पिढ्यांचा आणि शतकांचा फरक कुठून पडतो, ते यातून कळते. कुलाबा किल्ल्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या लोखंडी तोफा समुद्राच्या तोंडाशी असूनही टिकल्या, कारण तोफेची भिंत पत्र्याच्या कितीतरी पट जाड असते.

अशा वेळी कोणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देतोच. तो सुमारे १६०० वर्षे उभा आहे आणि त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर रक्षक थर तयार होतो, हे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले. पण दिल्लीची हवा वर्षातला मोठा काळ कोरडी असते, हे त्या अभिमानात विसरले जाते. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कोणार्कच्या तेराव्या शतकातील मंदिराच्या लोखंडी तुळयांवर गंज उघड दिसतो.

गंज पत्रा खातो, एवढ्यावर थांबत नाही. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. पत्र्यामागे साठलेला गंज फुगतो, खिळ्याची डोकी उचलली जातात, त्या फटीतून पाणी आत शिरते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजू लागते. इथे सागाची निवड मोलाची ठरते. युरोपातील ओकच्या लाकडातील आम्ले लोखंडी खिळे खातात. तेलकट साग त्या मानाने सौम्य असतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती काही अंशी याच गुणावर उभी होती. १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजूनही तरंगते आहे. अर्थात त्याची वेळोवेळी डागडुजी झाली म्हणूनच.

किल्ल्यावरही ही डागडुजी कुणाच्या तरी गळ्यात होती. गडाच्या व्यवस्थेत हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कोठार व बांधकाम पाहणारा कारखानीस असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर लोहार, सुतार, पाथरवट बाळगण्याची सूचना आहे. लोहार गडावर राहत असेल, तर सैल झालेला खिळा त्याच वर्षी बदलता येतो. मराठी सत्ता गेली, शिबंदी मोडली आणि तो लोहारही गड उतरला. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात कवाडांना वाली नव्हता.

एक विलक्षण योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जवसाच्या तेलात खललेले हेच लाल शिसे एकोणिसाव्या शतकात युरोपातील पुलांना आणि जहाजांना गंजरोधक म्हणून पहिला हात देण्यासाठी वापरत. आपल्याकडे दरवाज्याशेजारच्या मारुतीवर तेल-शेंदराची पुटे पिढ्यान्‌पिढ्या चढत राहिली, आणि हातभर अंतरावरचे लोखंड कोरडे राहिले. (शिसे विषारी असल्याने हा लेप आता टाळतात.)

गेल्या काही वर्षांत दुर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थांनी लोकवर्गणीतून अनेक किल्ल्यांना नवे सागवानी दरवाजे बसवले आहेत. सोहळे थाटात होतात. वर्गणीत पुढच्या २० पावसाळ्यांच्या तेलाची तरतूद मात्र क्वचितच असते. समुद्रकाठच्या दाराला दरवर्षी पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाचा किंवा गंजरोधक रंगाचा हात हवा, आणि लोखंडावर साठलेले मीठ अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन ते पुसून कोरडे करायला हवे. खोबरेल चालेल असे अनेकांना वाटते. पण ते जवसासारखे सुकून पापुद्रा धरत नाही, पहिल्या सरींत उतरते. अस्सल जुने लोखंड मात्र उत्साहाच्या भरात तारेच्या ब्रशने घासून ऑइलपेंटने रंगवू नये. त्यावरच्या घणाच्या खुणा एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय असे काम करणे कायद्यानेही गुन्हा ठरू शकते.