मस्टर, रद्दी आणि श्रेडर

1996 च्या पावसाळ्यात लालबागच्या एका रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक शोधत होतो. तराजूत कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही दिसली. उघडली तर एका गिरणीच्या साचेखात्याचे मस्टर. तिकीट नंबर, नाव, पाळी, खाडे. जानेवारी 1982 च्या पानावर 18 तारखेपासूनचे रकाने कोरे. संप त्याच दिवशी सुरू झाला होता. किलोच्या भावाने ती वही आणि तिच्यासोबतचे दोन गठ्ठे घेतले. इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही. जो काही शिकलो तो त्या वहीपासून.

यंदा आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली आणि ते गठ्ठे माळ्यावरून खाली आले. मुलगा म्हणाला, श्रेडिंगवाल्यांना बोलवू. गाडी दाराशी येते, डोळ्यांदेखत भुगा करते, वर नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देते.

कागद नष्ट करण्याची शिस्त आपल्याकडे जुनीच आहे. 1917 साली त्यासाठी कायदा झाला. सरकारी कचेऱ्यांत 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' चे 30 वर्षे आणि 'ड' चे जेमतेम वर्षभर ठेवतात. यंत्राचे पेटंट अमेरिकेत 1909 चे. पण नुसत्या उभ्या पट्ट्या काढून भागत नाही. 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकन दूतावासातल्या पट्ट्या इराणी लोकांनी चिकाटीने जुळवल्या आणि मजकूर पुस्तकरूपाने छापला. म्हणून आता आडवेउभे कापतात. जर्मन मानकात पी-1 ते पी-7 अशा पायऱ्या आहेत. पी-4 मध्ये तुकडा 160 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही, पी-7 मध्ये 5 पेक्षा. आपला 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा मात्र डिजिटल माहितीपुरता आहे. माझ्या माळ्यावरचे गठ्ठे त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

गिरण्यांच्या दप्तराला यातली कुठलीच शिस्त लाभली नाही. दत्ता सामंतांच्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. यंत्रे भंगारात गेली आणि बरेचसे दप्तर रद्दीत. कोणाचा पगार, कोणाची उचल, कोणाचा आजार, सगळे चणेवाल्याच्या पुडीत. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही.

मग गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा हवा: तिकीट, ईएसआयचे कार्ड, फंडाची पावती, हजेरी, असे काहीतरी. म्हाडाची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली. अर्जदार लाखाहून जास्त, घरे काही हजार. ज्या कागदाला भेळवाल्याखेरीज कोणी विचारत नव्हते, त्यावर आता घर अवलंबून.

माझ्याकडे मस्टर आहे हे कसे कळले कोण जाणे, पण माणसे येऊ लागली. कणकवलीहून, साताऱ्याहून. कोणाचा नंबर सापडे, मी पानाची नक्कल देई. एक आजी नवऱ्याचे नाव शोधायला तीनदा आल्या. नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण नेमके ते पान वहीत नव्हते. फाटलेली कड तेवढी शिल्लक होती. त्या कडेवरून बोट फिरवत त्या बराच वेळ बसल्या.

त्यामुळे मस्टर जाळायचा किंवा कापायचा प्रश्नच नव्हता. अडचण गठ्ठ्यांची होती. एकात कर्जाचे जुने अर्ज, जामीनदारांच्या नावांसकट. ते कापायला काढले. दुसऱ्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. क्षय, गुप्तरोग, दारूने बिघडलेले यकृत. यातल्या काहींच्या नातवंडांना मी ओळखतो. गणपतीत एकाच मांडवात उभे असतो. चिठ्ठ्या कापून टाकणे हेच सभ्यपणाचे, असे मी ठरवले होते. पण चाळताना दिसले, प्रत्येक चिठ्ठीवर तिकीट नंबर आहे, तारीख आहे आणि काही तारखा जानेवारी 1982 च्या आहेत. कोणाची लाज लपवायला गेलो तर कदाचित त्याच्याच वारसांचा एकमेव पुरावा भुग्यात जायचा.

तीन रात्री बसून चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. मागच्या तारखांच्या गेल्या. जानेवारीच्या 11 उरल्या. त्यांतल्या चार घरांचे पत्ते मला ठाऊक आहेत. चिठ्ठी घरच्यांच्या हातात द्यायची म्हणजे आजारही सांगायचा, आणि दोन घरांत म्हातारी अजून हयात आहे.

गाडी शनिवारी आली. तीन पोती वर चढवली, पंधरा मिनिटे घरघर चालली, मुलाने प्रमाणपत्रावर सही केली. 11 चिठ्ठ्यांचे पाकीट माझ्या शबनममध्ये होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागला पहिल्या घरी गेलो. दार सुनेने उघडले.