वाडा खरा, काळ खोटा : कमल स्वरूप यांच्या चित्रपटांतील इतिहास

भोरचा राजवाडा पडद्यावर अनेकांनी पाहिलेला असतो. तो भोरचा आहे, एवढेच त्यांना ठाऊक नसते. पंतसचिवांच्या संस्थानाची ही वास्तू एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतरची. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे वाड्याला चित्रीकरणाचे दिवस आले. कॅमेऱ्यासमोर तो कधी सरदाराचा होतो, कधी जमीनदाराचा. पटकथा सांगेल तो काळ तो मुकाट्याने अंगावर घेतो. खांबांचे लाकूड अस्सल, चौक अस्सल, म्हणून प्रेक्षक त्या काळावरही विश्वास ठेवतो. वाडा खरा आणि काळ खोटा, या कराराच्या बळावर आपला ऐतिहासिक चित्रपट उभा आहे.

हा करार मोडणारा एक दिग्दर्शक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९७४ साली बाहेर पडला. त्याचे नाव कमल स्वरूप. ‘अतिवास्तववादी’ हे विशेषण त्यांच्या नावाला इतके चिकटले आहे, की त्यामागचा अभ्यासक दिसेनासा झाला. त्यांचे काम एकत्र पाहिले तर वेगळेच चित्र उभे राहते. त्यांचा अतिवास्तववाद ही मुळात इतिहास-संशोधनाची एक पद्धत आहे.

युरोपात आंद्रे ब्रेताँने १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला आणि १९२९ साली लुई बुन्युएल व साल्वादोर दाली यांनी त्याला पडद्यावर आणले. तिथे झगडा होता तो स्वप्न आणि बुर्झ्वा शहाणपण यांच्यात. आपल्याकडे पुराणकथा, गावगप्पा, पंचांग आणि वर्तमानपत्रातली जाहिरात एकाच ओसरीवर नांदत आलेली आहेत. त्यामुळे स्वरूपांना स्वप्नाकडे जावे लागले नाही. त्यांनी हा कच्चा माल जसाच्या तसा उचलला आणि त्यातला कोणता पुरावा श्रेष्ठ, कोणता कनिष्ठ हे ठरवण्यास नकार दिला.

याची सुरुवात मराठीतच झाली. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले, गाजले, आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएने ते थांबवले. त्यातून फुटून थिएटर अकॅडमी उभी राहिली, हा इतिहास वाचकांना परिचित आहे. त्यावरचा १९७६ सालचा चित्रपट मात्र फारसा कोणी पाहिलेला नसतो. फिल्म इन्स्टिट्यूटच्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. दिग्दर्शक म्हणून के. हरिहरन आणि मणी कौल यांच्याबरोबर सईद मिर्झा व कमल स्वरूप यांचीही नावे घेतली जातात. पटकथा तेंडुलकरांचीच. नाना मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी. पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक.

नाटकावर इतिहासाच्या विपर्यासाचा आरोप झाला होता. चित्रपटाने पोशाख-वाडे अधिक ‘अस्सल’ करून त्या आरोपाला उत्तर द्यायचे टाळले आणि नानांच्या कारस्थानामागचे इंग्रजांचे राजकारण आत आणले. १७९१ साली जमावाने ठार केलेला कोतवाल आणि आणीबाणीतला प्रेक्षक यांच्यामध्ये पडदा राहू नये, अशी ती मांडणी होती. आपण कोणत्या शतकात आहोत, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा हीच तिची इच्छा. भूतकाळ हा संपलेला मुलूख नाही, हा धडा स्वरूपांनी तिथे गिरवला असावा.

‘ओम दर-ब-दर’ (१९८८) हे त्याचे पुढचे आणि सर्वांत धीट पाऊल. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याची निर्मिती केली, समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहात मात्र तो जानेवारी २०१४ मध्ये पोहोचला. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे तो व्हिडिओच्या खराब प्रतींवर, हातोहात जगला. अजमेर-पुष्करच्या परिसरात वाढणारा ओम, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाकडे वळलेला बाप, सिनेमागृहात पुरुषांच्या बाजूला जाऊन बसणारी बहीण गायत्री, बेडूक, हिरे, शाळेतले विज्ञान आणि श्वास रोखून धरण्याची ओमची कला. कथा सांगू गेले तर हाती एवढेच लागते.

तरीही हा चित्रपट निरर्थक नाही. स्वातंत्र्यानंतरच्या एका लहान गावाच्या डोक्यात काय काय कोंबले गेले, त्याची ती नोंदवही आहे. पाठ्यपुस्तकातले विज्ञान, रेडिओवरची गाणी, तीर्थक्षेत्राचे माहात्म्य, टूथपेस्टची जाहिरात. समाजशास्त्रज्ञ याचे रकाने पाडेल. स्वरूप ते एकाच वाक्यात बोलतात. गायत्रीचे पुरुषांमध्ये जाऊन बसणे हा तर सामाजिक इतिहासाचा सरळ दाखला आहे, कुठल्याही भाषणाविना दिलेला.

त्यानंतर त्यांनी अनेक वर्षे दादासाहेब फाळक्यांना वाहिली. फाळके जिथे राहिले त्या गावांत जाऊन, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खुणा गोळा केल्या. ‘ट्रेसिंग फाळके’ हे पुस्तक त्यातून आले. फाळक्यांचे चरित्र स्वरूपांना का सोडवेना, हे त्यातले तपशील पाहिले की कळते. त्र्यंबकेश्वरचा भिक्षुकाचा मुलगा छायाचित्रकार होतो, पुरातत्त्व खात्यात काम करतो, रविवर्म्याच्या छापखान्यात जातो, जादू शिकून स्वतःचे आडनाव उलटे करतो आणि ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून प्रयोग लावतो. कुंडीतला वाटाणा उगवताना रोज थोडा थोडा चित्रित करतो. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके हा एकच नट राम आणि सीता दोन्ही झाला. हे सगळे कागदोपत्री खरे आहे. कुणा पॅरिसकराने कल्पनेने रचले असते, तर त्याला आपण अतिवास्तव म्हटले असते.

ओमचे पाण्याखाली श्वास रोखणे आणि ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, बाळकृष्ण होऊन डोहात उतरणे, ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत. माझ्या मते स्वरूपांची सगळी कारकीर्द या दोन डोहांच्या मध्ये आहे.

‘रंगभूमी’ (२०१३) हा माहितीपट त्या शोधाचे सर्वांत शांत फळ. आपल्याच कंपनीतून बाहेर पडून फाळके काशीला गेले, तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. स्वरूप त्या काळाचा माग काढत काशीच्या गल्ल्यांतून फिरतात. हाती लागते ते थोडेच, आणि ते थोडेपण ते लपवत नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपट ठरला. २०१४ च्या निवडणुकीतल्या काशीवरच्या त्यांच्या पुढच्या माहितीपटाला मात्र सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. मेलेल्या नाटककाराची काशी चालते, मतदारांची चालत नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा काय?

स्वरूपांचे दोषही सांगितले पाहिजेत. ‘ओम’मधले कितीतरी विनोद करणाऱ्यांच्या टोळक्यापुरतेच राहतात. संदर्भांची गर्दी इतकी, की पाहणारा शोधक व्हायच्या ऐवजी परीक्षार्थी होतो. ज्या लहान गावाची ही नोंदवही, त्या गावाला ती वाचता येऊ नये, हे तर मोठेच वैगुण्य. त्याचा दोष निम्मा वितरणाचा, निम्मा दिग्दर्शकाचा.

पण ती वाचण्याची सवय गावांना नसते असे नाही. वेल्हे तालुक्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला, तोरण्याची कथा सांगायला कोणी शिकवावे लागत नाही : गडाच्या दुरुस्तीत धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला. बखर, देवीची कृपा आणि बांधकामाचा हिशेब या कथेत एकत्रच येतात. भोरकडे भाटघर धरणात कांबरेश्वराचे मंदिर वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की वर येते, लोक दर्शन घेतात, पाऊस लागला की देव पुन्हा बुडतो. त्या भाविकाला अतिवास्तववादाची व्याख्या सांगायची गरज नाही. इतिहास बुडतो, वर येतो, आणि वर येतो तेव्हा त्याच्या अंगावर गाळ असतो, हे त्याने पाहिलेले आहे.

आपले आजचे ऐतिहासिक चित्रपट तो गाळ धुऊन काढतात. दिवे लावलेल्या वाड्यात भूतकाळ आपल्याच अभिमानाची भाषा बोलतो आणि आपण समाधानाने घरी येतो. भूतकाळाविषयी प्रश्न विचारणेच जिथे अपराध ठरू लागले आहे, तिथे या समाधानाची किंमत मोठी आहे. कमल स्वरूप यांचे चित्रपट हे समाधान देत नाहीत. ते पुरावा दाखवतात, त्याच्या शेजारी दंतकथा ठेवतात, आणि दोन्हींमधली भेग बुजवण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवून निघून जातात.