क्रोशाचे पांघरूण

क्रोशाचे पांघरूण म्हणजे एका आकडीदार सुईने लोकर किंवा सुती दोरा विणून तयार केलेले पांघरूण होय. दोन सुयांवरच्या विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात बहुधा एकच टाका उघडा राहतो. त्यामुळे काम केव्हाही थांबवता येते, चुकल्यास तेवढाच भाग उसवता येतो आणि उरलेल्या लोकरीचे लहान गुंडेही उपयोगी पडतात. घरगुती, अल्पखर्ची पांघरुणासाठी ‘ग्रॅनी स्क्वेअर’ हा चौकोनी नमुना विशेष प्रचलित आहे.

नाव व इतिहास

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचे मूळ आकडी या अर्थाच्या शब्दात आहे. मराठीत ‘क्रोशा’ हे रूप रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात ही कला युरोपात वेगाने पसरली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाची लेस विणणे हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. ग्रॅनी स्क्वेअरचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना छापील नमुना १८८५ साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकी नियतकालिकात आला. अमेरिकेत अशा पांघरुणास ‘अफगाण’ असेही म्हणतात.

भारतात आंध्र प्रदेशातील नरसापूर हे क्रोशाच्या लेसचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील घराघरांतून स्त्रियांनी केलेल्या या कामाचा अभ्यास मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. महाराष्ट्रातील घरांत क्रोशाचा उपयोग प्रामुख्याने तोरणे, रुमाल, आसने आणि बाळाची टोपडी यांसाठी होत आला आहे.

साहित्य

लोकर, तिच्या जाडीस साजेशी सुई, कात्री आणि धाग्याची टोके लपवण्यासाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई एवढे साहित्य पुरते. मध्यम जाडीच्या लोकरीस साधारण ४ ते ५ मिमी जाडीची सुई चालते. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, धुण्यास सोपा व टिकाऊ असतो. मेंढीची लोकर अधिक ऊबदार, पण महाग असते. सुती दोरा उष्ण हवेस योग्य, परंतु वजनाने जड असतो. एका पांघरुणात शक्यतो सारख्या जाडीचे धागे वापरावेत, अन्यथा चौकोनाच्या कडा ओढल्या जातात.

कृती

या नमुन्यास साखळी, खांब आणि जोडटाका एवढेच टाके लागतात. सुईवरील टाक्यातून धागा ओढला की एक साखळी होते. खांबासाठी सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन सुई रकान्यात घालतात व धागा बाहेर ओढतात. सुईवर आलेले तीन फास दोन-दोन करून दोन वेळा सोडवतात. या टाक्यास अमेरिकी पुस्तकांत ‘डबल क्रोशे’, तर ब्रिटिश पुस्तकांत ‘ट्रेबल’ म्हणतात. म्हणून परकीय नमुना वापरताना तो कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे लागते.

१. चार साखळ्या घालून जोडटाक्याने त्यांचे कडे करावे.

२. पहिली फेरी : तीन साखळ्या घालाव्यात, त्या पहिल्या खांबाच्या जागी धरतात. कड्यात आणखी दोन खांब विणावेत. नंतर कोपऱ्यासाठी दोन साखळ्या व पुढे तीन खांब, असे करत तीन-तीन खांबांचे चार गट पूर्ण करावेत. शेवटच्या कोपऱ्याच्या दोन साखळ्या घालून फेरी जोडावी.

३. दुसरी फेरी : प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब विणावेत.

४. पुढील फेऱ्या : कोपरे पूर्वीप्रमाणेच विणून, बाजूंवरील प्रत्येक रिकाम्या जागेत तीन खांबांचा एक गट घालावा.

लहान चौकोन करून ते नंतर जोडता येतात, किंवा एकच चौकोन हव्या त्या मापापर्यंत वाढवता येतो. दुसऱ्या पद्धतीत जोडणीचे श्रम व त्यासाठी लागणारी लोकर वाचते. रंग बदलताना सुमारे १५ सेंमी टोक ठेवून ते विणीत ओवून घ्यावे. नुसती गाठ मारल्यास ती धुण्यात सुटू शकते.

लोकरीचा अंदाज

पांघरूण अर्धवट राहण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे लोकर कमी पडणे. लहान चौकोनांच्या पद्धतीत एक चौकोन विणून तोलावा. तो ८ ग्रॅम भरला, तर ८० चौकोनांस ६४० ग्रॅम लोकर लागेल. जोडणी व किनार यांसाठी साधारण दहावा भाग अधिक धरावा.

एकाच मोठ्या चौकोनात हिशेब वेगळा असतो. पहिल्या फेरीत ४ गट, दुसरीत ८, तिसरीत १२ याप्रमाणे प्रत्येक फेरीत ४ गट वाढतात. ४० फेऱ्यांच्या पांघरुणात एकूण ३,२८० गट होतात. पैकी पहिल्या २० फेऱ्यांत केवळ ८४० येतात. म्हणजे पांघरूण निम्म्या रुंदीचे झाले, तरी लोकर जेमतेम पाव भागच खर्च झालेली असते. २८ फेऱ्या झाल्यावर सुमारे निम्मी लोकर संपते आणि उरलेली निम्मी शेवटच्या १२ फेऱ्यांना लागते. म्हणून उरलेले लहान गुंडे मध्यभागी वापरून भरपूर साठा असलेला रंग बाहेरच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवणे किफायतशीर ठरते. नवी लोकर घेताना वेष्टनावरील रंगाच्या घाणीचा क्रमांक सर्व गुंड्यांवर एकच असल्याची खात्री करावी. भिन्न घाणींतील छटांत फरक दिसतो.

निगा व सुरक्षितता

ओले पांघरूण स्वतःच्या वजनाने ताणले जाते. म्हणून ते दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवावे. मेंढीची लोकर थंड पाण्यात, न घासता धुवावी. अॅक्रिलिक आगीत वितळून त्वचेस चिकटते, त्यामुळे असे पांघरूण चूल, शेगडी वा हीटरपासून दूर ठेवणे आवश्यक आहे. क्रोशाच्या विणीतील मोकळ्या जागांत तान्ह्या बाळाची बोटे अडकू शकतात. शिवाय एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतेही सुटे पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळासाठी विणलेले पांघरूण ते जागे असताना व मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरणे इष्ट होय.