राष्ट्रपतिपदाचा तिसरा उमेदवार

श्रोतेहो, अपक्ष उमेदवार म्हणजे काय हें करवीरकरांस समजावून सांगण्याचें प्रयोजन नाहीं. २००९ सालीं पक्षानें उमेदवारी नाकारल्यावर सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून उभे राहिले व कोल्हापुरांतून लोकसभेवर निवडून गेले, हें आपण पाहिलेंच आहे. अशा निवडणुकींत ज्याचीं मतें अधिक तो विजयी. पराभूतांचीं मतें तेथेंच संपतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीची रीत निराळी. तेथें खासदार व आमदार मतपत्रिकेवर पसंतीचे क्रम लिहितात. पहिल्या पसंतीच्या मोजणींत कोणासही निम्म्याहून अधिक मतें न मिळालीं, तर तळाचे उमेदवार एकामागून एक गळतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढील पसंतीप्रमाणें वरच्यांकडे जातात. म्हणजे तिसरा उमेदवार हरला, तरी त्याचीं मतें जिवंत राहतात.

ही तरतूद २०२२ पर्यंतच्या निवडणुकांत एकदांच कसास लागली, ती १९६९ सालीं. आणि तो तिसरा उमेदवार होता आपल्या कुलाबा जिल्ह्याचा सुपुत्र, चिंतामणराव देशमुख.

आम्हां शिक्षकांस हें नांव प्रथम आठवतें तें जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीमुळें. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत ती त्यांनीं मिळविली. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले, आणि १९५६ सालीं मुंबई महाराष्ट्रास न देण्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनीं मंत्रिपदाचा त्याग केला. मेघदूताचें मराठी रूपांतर करणारा अर्थमंत्री पुन्हा कधीं मिळेल कोण जाणे! असो.

३ मे १९६९ रोजीं राष्ट्रपति झाकिर हुसेन निवर्तले. काँग्रेसनें संजीव रेड्डींस उभें केलें. उपराष्ट्रपति गिरी अपक्ष म्हणून पुढें आले, व पंतप्रधान इंदिराबाईंचा ओढा गिरींकडे होता. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं चिंतामणरावांस पाठिंबा दिला. तेव्हां काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनीं या दोन पक्षांकडे दुसरी पसंती रेड्डींस देण्याविषयीं बोलणें लावलें. इंदिरापक्षीयांनीं तेंच दोषारोपाचें शस्त्र केलें आणि सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याचा पुकारा झाला. बँकांचें राष्ट्रीयीकरण वगैरे वादाचीं कारणें होतींच. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत काँग्रेस दुभंगली, तिच्या मुळाशीं देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरा आंकडाही होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां थोडें गणित. जुनी खोड आहे, श्रोत्यांनीं क्षमा करावी. विजयास ४,१८,१६९ मतें हवीं होतीं. पहिल्या पसंतीचीं गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व देशमुखांस १,१२,७६९ मिळालीं. किरकोळ उमेदवारांच्या व शेवटीं देशमुखांच्या पत्रिका वांटल्यावर रेड्डींच्या पदरांत ९१,८७९ पडलीं. गिरींच्या अवघीं १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोंचले व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. एका खासदाराच्या मताचें मूल्य त्या वेळीं ५७६ होतें. तेरा खासदारांनीं जरी गिरींऐवजीं रेड्डींस पसंती दिली असती, तरी इतिहास फिरला असता. गिरी हे अपक्ष म्हणून निवडून आलेले पहिले राष्ट्रपति ठरले.

१९६७ सालीं सतरा उमेदवार उभे होते व त्यांपैकीं नऊ जणांस एकही मत मिळालें नव्हतें. असल्या हौशी मंडळींस आवर घालण्यासाठीं १९७४ सालीं दहा सूचक व दहा अनुमोदक यांची अट आली, आणि १९९७ सालीं दोन्ही संख्या पन्नासांवर गेल्या. तेव्हांपासून २०२२ पर्यंत प्रत्येक वेळीं दोघांतच सामना झाला. हौशे गेले हें ठीकच. परंतु त्यांच्याबरोबर तिसऱ्या जाणत्या उमेदवाराचीही वाट अरुंद झाली, हें मला रुचत नाहीं.

चिंतामणराव १९८२ सालीं वारले. राष्ट्रपतिपदावर मराठी व्यक्ति आली ती २००७ सालीं, प्रतिभाताई पाटील यांच्या रूपानें; आणि त्यांच्याशीं सामना देणारे भैरोंसिंह शेखावत उपराष्ट्रपति असून, गिरींप्रमाणेंच, अपक्ष म्हणून उभे होते.