पोळांतील हवेल्यांचा जीर्णोद्धार

इ. स. १४११ मध्ये वसलेल्या अहमदाबादच्या जुन्या नगरात ‘पोळ’ नावाच्या वस्त्या आहेत. एक दरवाजा, आत अरुंद गल्ली आणि दुतर्फा भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या हवेल्या. या घरांना रस्त्याकडे रुंदी थोडी, खोली मात्र पुष्कळ. मधला चौक आभाळाला मोकळा. त्यातून प्रकाश येतो व उष्ण हवा वर निघून जाते. चौकाखालच्या टाक्यात पावसाचे पाणी साठविले जाई.

विटांच्या भिंतीत ठराविक उंचीवर आडवी लाकडे गुंफलेली असतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहरातील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. ही जुनी घरे मात्र बहुतांशी तगून राहिली. असे असूनही दुरुस्तीच्या नावाखाली हेच लाकूड काढून सिमेंट भरले जाते. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती कोंडते आणि वीट झिजू लागते. खर्च वाचल्यासारखा वाटतो, एवढेच. कोरीव खांब तर जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले गेले.

महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापिला. २०१७ मध्ये युनेस्कोने या नगरास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गिरणीमालक शेठ मंगळदास गिरधरदास यांची १९२४ ची हवेली हॉटेल होऊन सुस्थितीत राहिली. परंतु हॉटेलास पाहुणे मिळतात; वाटण्या झालेल्या राहत्या घरात चार भावांच्या संमतीखेरीज एक तुळईही बदलता येत नाही, आणि तोवर आणखी एक पावसाळा तिच्यावरून जातो.