दहा राग आणि एक ड्रम मशीन

परवा बारामतीला ताईकडे गेलो होतो. भाचा लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. सहा गाण्यांचा अल्बम तयार आहे, पण बाहेर काही काढत नाही. का? तर म्हणे, "मामा, आवाज स्टुडिओसारखा येत नाही. लोक हसतील." इंदापूरला परतताना एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. आवाजाच्या दर्जाला खरंच एवढी किंमत असते का?

यावर मला मुंबईतली एक गोष्ट आठवते. चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतात गिटार वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन. त्यावर भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही त्यांची तबकडी एचएमव्हीने काढली. ती फारशी कुणी घेतली नाही.

गंमत यंत्रांची आहे. ८०८ चा ढोल खऱ्या ड्रमसारखा वाजत नाही आणि ३०३ चा बेस खऱ्या गिटारसारखा वाजत नाही, अशी तक्रार होती. १९८४ पर्यंत दोन्हींचं उत्पादन बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि ३०३ च्या त्याच चिरक्या, वळवळत्या आवाजातून १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघालं. ज्याला खोट म्हणत होते, तीच त्या संगीताची ओळख झाली! २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले. हाच आवाज पाच वर्षं आधी मुंबईत वाजला होता.

आता कुणी म्हणेल, बघा, दर्जाचं काही नसतं. पण तसंही नाही. ज्युपिटर-८ हे त्या काळचं चांगलंच महागडं वाद्य होतं आणि सिंग मुरलेले वादक होते. ती तबकडी ऐकताना ठेका, बेस आणि रागाची सुरावट तिन्ही वेगवेगळी, स्वच्छ कानावर येतात. एकमेकांत चिखल होत नाही. यमन यमनच राहतो.

म्हणजे दर्जा दोन प्रकारचा. एक, 'खऱ्यासारखा' किंवा 'मोठ्या स्टुडिओसारखा' वाजण्याचा. तो नसला तरी चालतं. दुसरा, आपल्या मनातलं ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोचण्याचा. त्याला मात्र पर्याय नाही आणि त्याला पैशापेक्षा कान जास्त लागतो.

चांगला आवाज असूनही ती तबकडी तेव्हा पडली, हेही खरंच. पण निघाली होती, म्हणून अठ्ठावीस वर्षांनी कुणाच्या तरी हाती लागली. लॅपटॉपमध्येच ठेवली असती तर?

असो. भाचेबुवा, हे वाचत असशील तर तिसऱ्या गाण्यातला बेस जरा कमी कर. बासरी ऐकूच येत नाही. आणि मग काढ बाहेर एकदाचं :)